मशीन मोडायची नोकरी

कुवेतमध्ये आपली माणसं नाना कामं करत, पण रोज सकाळी सरकारी मशिनी मोडून त्याचा पगार घेणारा गडी एकच होता. तो म्हणजे कणकवलीकडचा लवू.

झालं असं, की लढाई संपून कुवेत पुन्हा उभं राहत होतं, तेव्हा लवू एका कंत्राटदाराकडे एसी दुरुस्तीला गेला. काही उन्हाळे त्याने गच्च्यांवरच काढले. ऊन असं, की पेटीतला पाना फडक्यात धरून उचलावा लागे. मग नशीब फळफळलं आणि शहराबाहेरच्या एका दोन वर्षांच्या सरकारी टेक्निकल कॉलेजात त्याला वर्कशॉपमध्ये घेतलं. काम काय, तर पोरं यायच्या आत मशिनींत बिघाड करून ठेवायचा. ह्या फ्रीजची वायर सोडव, त्या एसीचा फ्यूज काढ. पोरांनी दिवसभर तो बिघाड हुडकायचा.

लवू स्वतः गावाकडच्या सरकारी आयटीआयचा, तोही दोन वर्षांचाच. तिथे सगळ्या वर्गात मिळून एक फ्रीज, आणि तोही खराखुरा बंद पडलेला. तो चालू झाला तर पुढच्या बॅचने शिकायचं कशावर, म्हणून मास्तर कोणाला हात लावू देत नसत. असल्या माणसाला ओळीने मांडलेल्या मशिनी मोडायला मिळाल्यावर दुसरं काय हवं? रोज नवी खोडी शोधायची, तिच्यापायी झोपेतही बोटं हलायची.

पोरं सगळी कुवेती. गाड्या एवढ्या लांबलचक, की पार्किंग वर्कशॉपहून मोठं. ती लवूला प्रेमाने ‘अबू खराब’ म्हणत, म्हणजे खराबाचा बाप. मंगफ वस्तीतल्या खोलीवरचा त्याचा जोडीदार राजाभाऊ, टाइल्स बसवणारा, संध्याकाळी दार उघडताना न चुकता विचारी, “आज काय काय मोडून इलंस?”

आणि एका उन्हाळ्याच्या तोंडावर बातमी आली, की कॉलेजच बंद होणार. वरच्या लोकांचं म्हणणं पडलं, की आता ज्याला त्याला चार वर्षांची डिग्री हवी, दोन वर्षांच्या कॉलेजाला पुढे काही भविष्य नाही, तेव्हा ते मोठ्या कॉलेजात मिसळून टाकावं. एक समिती येऊन बघणार आणि ठरवणार. बंद झालं तर लवूची रवानगी पुन्हा गच्चीवर. तो ताटातला भात नुसता चिवडत बसला.

राजाभाऊने त्यातही चिमटा काढलाच. “दोन वर्षांत काय होता रे? दोन वर्षांत आंब्याचा कलम पण धरत नाय.”

“माका दोन वर्षांत सगळा इला,” लवू म्हणाला. “एक सोडून.”

“ता खयचा?”

“फ्रीज दुरुस्त करूक.”

समिती यायच्या आदल्या दिवशी वर्कशॉपचे शिक्षक उस्ताद अशरफ यांनी फर्मान काढलं, की उद्या एकही मशीन बिघडलेली दिसता कामा नये. अशरफ इजिप्तचे, मनाने भला माणूस, पण साहेब दिसला की त्यांना घाम फुटे. लवूने निमूटपणे आपले सगळे बिघाड वेचून काढले. एवढं वाईट त्याला गाव सोडतानाही वाटलं नव्हतं.

समितीच्या प्रमुख डॉ. लैला. बारीक चणीच्या, चष्मा नाकावर, प्रश्न थेट. वर्कशॉप थंडगार, सगळ्या मशिनी गुणगुणतायत, पोरं हात बांधून उभी. बाईंनी मिशारी नावाच्या पोराला विचारलं, इथे काय शिकता? तो म्हणाला, दुरुस्ती. बाई म्हणाल्या, मग करून दाखव. मिशारी इकडे बघतो, तिकडे बघतो. दुरुस्त करायला काही शिल्लकच नव्हतं! समितीतले एक साहेब घड्याळाकडे बघायला लागले.

लवूला राहवलं नाही. तो भिंतीला पाठ लावून सरकत सरकत हॉल थंड करणाऱ्या मोठ्या एसीमागे गेला आणि त्याने हळूच फ्यूज काढून खिशात टाकला. एसी गप्प झाला, आणि लवू छताकडे बघत परत भिंतीशी येऊन उभा राहिला. बघता बघता हॉल तापला, अशरफांचा रुमाल भिजला. मिशारीने मात्र एसीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तो सरळ लवूपाशी गेला आणि त्याच्यापुढे हात पसरला. लवूने खिशातून फ्यूज काढून दिला.

बाईंनी चष्मा वर सरकवला. “तू मशीन ओळखायला शिकलास की ह्या माणसाला?”

मिशारीने प्रामाणिकपणे सांगितलं, की अबू खराब ज्या मशिनीत बिघाड करतो, तिच्याकडे मग मुळीच बघत नाही, छताकडे बघत बसतो. हे सगळ्या वर्गाला ठाऊक आहे.

इतकी वर्षं पोरं आपली कारागिरी सोडवतायत म्हणून लवू खूश, आणि ती निवांत त्याचं तोंड वाचत होती. बाईंनी त्याला बाहेर घालवलं, अशरफांकडून मेन स्विच बंद करून घेतला, पोरांना तोंडं फिरवायला लावली आणि एसीच्या डब्यात स्वतःचा हात घातला. बाई रसायनशास्त्राच्या. हाताला लागतील त्या दोन वायरी उपसून त्यांनी एकीच्या जागी दुसरी खोचली. नेमकं काय केलं ते त्यांचं त्यांनाही कळलं नसावं.

लवू मागच्या भिंतीशी, एसीच्या बाहेरच्या पंख्यासमोर उभा. पंखा थिजलेला. आतून आधी नुसता कालवा, मग भांडणं. “छताकडे कोण बघतंय आता?” असं कोणीतरी रडकुंडीला येऊन विचारलं. त्यावर मिशारीचा आवाज आला, “मीटर आण. मेनपासून सुरू करू.” मग आत शांत झालं. एक जण जागा सांगे, दुसरा आकडा. लवू भिंतीला कान लावून ऐकत होता. एखाद्या जागी बिघाड निघाला नाही, की त्याचा जीव वरखाली होई. आणि आत जायची सोय नाही!

शेवटी पंखा कुरकुरला, फिरला, आणि भट्टीसारखी गरम हवा लवूच्या तोंडावर आली. आत पोरांनी आरोळी ठोकली. लवू बाजूला झाला नाही. डोळे मिटून ती हवा खात तिथेच उभा राहिला.

बाई बाहेर आल्या, तेव्हा त्यांच्या बोटांना काळं लागलं होतं. “मी काय बिघडवलं होतं, ते मिशारीने मला समजावून दिलं,” त्या म्हणाल्या. “कॉलेज चालू ठेवा म्हणून मी लिहिणार. पण परीक्षेला तू बाहेर उभं राहायचं.”

कॉलेज राहिलं. तेव्हापासून वर्कशॉपची परीक्षा असली, की लवू सकाळीच मशिनी मोडून ठेवी आणि मागच्या भिंतीशी जाऊन पंखा फिरायची वाट बघत उभा राही.