जमीलाच्या सव्वीस कोंबड्या

मी फटकळ बाई, सावद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. पण सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात माझ्या या तोंडानं एका बाईचं पोट मारायची वेळ आणली होती. ते आधी सांगते, नाहीतर जमीलाचं कौतुक करायचा मला हक्क नाही.

जमीला आमच्या केळीच्या बागेला लागून राहायची. नवरा कादर गाद्यांचा कापूस पिंजायचा. तो गेला आणि ही एकटी उरली. मग सरकारी विकास गटातून तिला चाळीस विलायती कोंबड्या मिळाल्या, पांढऱ्याशुभ्र, लाल तुऱ्याच्या. त्यांच्या अंड्यांवरच तिची चूल पेटायची. देतानाच मिशीवाल्या साहेबांनी अट घातली होती, "मिरगाला मोजायला येईन. पंचवीसच्या खाली गेल्या तर उरलेल्या परत नेईन." वर हसून म्हणाले, "खान्देशचं ऊन यांना झेपायचं नाही, बाई. पंचवीस टिकल्या तर मिशी उतरवीन!"

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, झाली आणि ऊन असं पेटलं की काय सांगू! कोंबड्या चोची वासून धापा टाकायला लागल्या. जमीला धावत माझ्याकडे आली. "बेबाअक्का, काय करू?" झालं, मी अक्कल पाजळली! गावठी कोंबडी पेंगायला लागली की आम्ही लसूण आणि लाल मिरची वाटून गोळी चारतो. तेच सांगितलं. वर म्हटलं, "बाजरी घाल पोटभर, ताकद येईल." अगं बाई, आगीत तेलच ओतलं मी. दोन दिवसांत चौदा मेल्या.

मला काही पत्ताच नाही. तिसऱ्या दिवशी बघते तर चार पांढऱ्या कोंबड्या आमच्या केळीत! काठी घेतली आणि तोंडाचा पट्टा सोडत जमीलाचं दार गाठलं. ती उंबऱ्यात बसली होती, पुढ्यात मेलेल्या कोंबड्यांची टोपली. काठी टाकली, तिच्याशेजारी बसले आणि रडले, खोटं कशाला सांगू.

"रडून काय व्हायचं, अक्का? सव्वीस उरल्यात," ती म्हणाली. "त्या चार कुठं दिसल्या?"

आम्ही बागेत गेलो. घड उतरवून तोडून टाकलेल्या केळीच्या खांबाला चौघी टोचत होत्या, आतला पाणीदार गाभा मटामटा खात होत्या. धाप नाही, काही नाही. जमीलानं एकीला उचललं, पंखाखाली हात घातला आणि ओरडली, "अक्का, ही ठणठणीत शे!"

त्या दिवसापासून मिरची बंद, बाजरी बंद. केळीचा गाभा बारीक चिरायचा, ताकात भिजवलेली ज्वारीची भरड आणि कांदा त्यात कालवायचा. खाणं पहाटे आणि दिवस कलल्यावर. भर दुपारी नुसतं माठातलं पाणी. गाभा आमच्या बागेतला आणि ताक माझ्या घरचं, मी स्वतः नेऊन ओतायची. रोज दुपारी आम्ही दोघी मोजायचो. दोन गेल्या की संपलं, हे दोघींनाही ठाऊक होतं.

मिरगाला साहेब आले. एकदा मोजल्या, दोनदा मोजल्या. सव्वीस! गल्लीत टाळ्या पडल्या. आणि मी नथ्थू न्हाव्याला वस्तरा घेऊन आधीच ओट्यावर बसवलं होतं. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

जमीला म्हणाली, "मिशी राहू द्या, साहेब. अजून चाळीस कोंबड्या द्या."

साहेब खो खो हसले. "देतो! पण धुळ्याला येऊन तिथल्या बायांना हे शिकवायचं."

धुळ्याला ती मलाही घेऊन गेली. भरल्या मांडवात उभी राहून म्हणाली, "हे औषध बेबाअक्कांच्या बागेतलं, ताकही त्यांचंच." मिरचीबद्दल एक अक्षर काढलं नाही.

मग मीच उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आणि आधीच्या चौदा मारल्या, ती अक्कलही माझीच होती, बायांनो. उन्हाळ्यात लसूण-मिरची कुणी चारू नका. आता नीट ऐका, जमीला काय सांगते ते!"