साडेपंचवीस इंच

खरं सांगा, तुम्ही किती इंच रुंद आहात? नाही ना माहीत? दारातून आत शिरताना हा प्रश्न तुम्हाला कधी पडलाच नसणार. चेणे गावच्या द्वारकाला मात्र तिचं माप तोंडपाठ आहे. साडेपंचवीस इंच. व्हीलचेअरच्या एका चाकाच्या कडीपासून दुसऱ्या चाकाच्या कडीपर्यंत. बाई ब्लाउज शिवते, टेप कायम गळ्यात, अर्ध्या इंचाची चूक लांबून हेरते. म्हणूनच त्या सकाळी जे झालं ते तिच्या घशाखाली अजून उतरत नाही.

तिसऱ्या वर्षी पोलिओने दोन्ही पाय नेले. तेव्हा घरची भातशेती होती. पेरणीआधी सगळं घर नदीकाठच्या बांधावर जायचं आणि तिथल्या शेंदूर फासलेल्या दगडाला, म्हणजे देवाला, नारळ द्यायचं. द्वारका जायची थोरल्या भावाच्या, नाथाच्या पाठीवर.

“मान सोड गो बाय, जीव जातोय माझा!” नाथा ओरडायचा. ती मुद्दाम आणखी आवळायची.

ती विसाची झाली आणि नाथाच्या मणक्याने हात टेकले. तेव्हापासून सव्वीस वर्षं नारळ बांधावर जातोय आणि द्वारका दारात बसतेय. शेत पडीक झालं, समोर टॉवर उभे राहिले, देव जागचा हलला नाही. नाथा परत येऊन खोबऱ्याचा तुकडा पुढे करायचा. “प्रसाद घे.”

“मला तुकडा नको. मला तिथं जायचंय. माझ्या हाताने, माझ्या चाकांवर.”

चार वर्षांपूर्वी कळलं, झाडांमधून नदीपर्यंत फिरायची वाट बांधतायत. दगडी पायऱ्यांची! द्वारका तडक जंगलखात्याच्या हापिसात.

“ताई, तुम्ही जंगलात जाऊन काय करणार?” टेबलामागचा साहेब म्हणाला.

“तुम्ही काय करता? तेच.”

अर्जावर अर्ज केले तिने. शाळा सातवीपर्यंतची, पण नियम वाचून वाचून पाठ केले. एक फूट चढायचं तर बारा फूट लांब उतार पाहिजे, हे तिने त्या साहेबालाच शिकवलं. पायऱ्या गेल्या, दाबलेल्या मुरमाची सपाट वाट आली. ठेकेदाराचा सुपरवायझर पराग, पोरगा सज्जन, पण तिची खुर्ची दिसली की हेल्मेट सारखं करायचा.

मुरूम बसून आठवडा झाला नाही तोच बाइकवाले घुसले. “आंटी, साइड दो!” चिखल उडवून गेले, वाटेवर वीतभर खोल चाकोऱ्या. द्वारकाचं डोकं फिरलं. शिलाई तशीच टाकून तिने अर्ज खरडला, बाइक बंद करा. पोच घेतली, फाइलला लावली, आणि पुढच्या भांडणाला लागली.

मग उद्घाटन. रिबन, खुर्च्या, चहा. द्वारकाने नवी साडी नेसलेली, मांडीवर नारळ. नाथा मागून चालत होता.

“हात लावू नको हां दादा. आज ढकलायचं न्हाय.”

रिबन कापली. टाळ्या. द्वारकाने चाकं रेटली.

टण्ण.

वाटेच्या तोंडाशी आदल्या रात्री रोवलेले पिवळे लोखंडी पाइप, ओळीने. रिबन आणि गर्दीमागे ते दिसलेच नव्हते. मागे घेऊन तिने पुन्हा रेटली. टण्ण. टाळ्या मध्येच विरल्या. पुढे वाट दिसत होती, वाटेच्या टोकाला नदी चमकत होती.

“कुणी रोवले हे? कुणाच्या बापाने?”

परागचा चेहरा उतरला. “ताई... तुमचा अर्ज आहे.”

“माझा? वाच! मोठ्याने वाच!”

त्याने फाइल काढली. “बाइकचं हँडल अडकलंच पाहिजे. दोन पाइपांमध्ये दोन फुटांच्या वर अर्धा इंच जरी फट ठेवलीत, तर तुम्हाला सोडणार नाही. अर्जदार...” पुढचं नाव त्याच्याने वाचवेना.

द्वारकाने कागद ओढून घेतला. अक्षर तिचं. सही तिची. दोन फूट म्हणजे चोवीस. आपण साडेपंचवीस. दीड इंच! अख्ख्या चेण्याची मापं घेणारी बाई स्वतःला मोजायला विसरली?

“तुझ्या लक्षात नाही आलं, पराग?”

“आलं होतं, ताई.”

“मग?”

“तुम्ही लिहिलेलं. तुमच्याशी कोण वाद घालणार?”

ही दुसरी थप्पड. पहिलीपेक्षा जोरात बसली.

“उचलून घेऊया ना, चौघं आहोत,” कुणीतरी पुढे आलं.

“खबरदार! उचलूनच जायचं असतं तर रस्ता कशाला मागितला असता?”

तेवढ्यात नाथा तिच्यापुढे पाठ करून वाकला. शर्टाखालून कंबरेचा पट्टा दिसत होता. “बाय, येतेस?”

तेव्हा तिला उलगडलं. तिच्या मनातल्या त्या वाटेवर खुर्ची कधी नव्हतीच. तिथे नाथाची पाठ होती. अर्ज लिहिताना ती तिथूनच बघत होती, उंचावरून. मोजणार काय, कपाळ!

तिने त्याच्या पाठीवर तळवा ठेवला. “ऊठ दादा. म्हातारा झालास.”

“एक पाइप कुलपाचा करतो,” पराग म्हणाला. “चावी वॉचमनकडे.”

“आणि वॉचमन जेवायला गेला की मी इथं उन्हात? तीन फूट कर.”

“मग बाइका शिरतील, ताई.”

“शिरतील. त्यांना धरायला माणूस ठेवा. त्यांना अडवायला मला अडवू नका.”

आमंत्रणपत्रिकेच्या मागे तिने तिथल्या तिथे नवा अर्ज लिहिला. पहिली ओळ: ‘माझी चूक झाली.’ असं तिने जन्मात लिहिलं नव्हतं. कागद परागच्या हातात दिला. “वाच. आणि काही चुकलं असेल तर आत्ता बोल. घाबरलास तर बघ!”

पाइप अजून तिथेच आहेत. नारळ शिलाई मशिनवर आहे. नाथाला तिने तो नेऊ दिला नाही. रोज सकाळी कानाशी धरून हलवून बघते, आत पाणी आहे ना अजून.

तुम्ही फिरायला जाता त्या बागेच्या, तलावाच्या, टेकडीच्या तोंडाशी असेच पाइप असतील. उद्या खिशात टेप टाका आणि फट मोजा. तीन फुटांपेक्षा कमी भरली, तर अर्ज करा, पोच घ्या. पण देण्याआधी तो अर्ज एखाद्या खुर्चीवाल्याला वाचून दाखवा, आणि तो ‘चुकलंय’ म्हणाला, तर ऐका.