आवाज साफ करणारा

आमच्या गल्लीतला मोबाइल दुरुस्त करणारा लय किरकिऱ्या माणूस. सगळ्यांनी गप व्हावं म्हणून बोलायच्या आधी एक बोट वर धरतो. स्वतःच्या वेबसाइटवर पॉडकास्ट टाकायचा म्हणून उन्हाळ्यात तो माझ्या गोष्टी रेकॉर्ड करायला घरी आला. आधी पंखा बंद केला, कोंबड्या हाकलल्या. झरीच्या बाजारातून बैल कसा आणला ते मी सांगत होतो, तेवढ्यात चुलीपासून बायको ओरडली, "खोटं नका सांगू! बैलानंच तुमाला घरी आणलं!"

त्यानं कपाळ धरलं. "मामी, हे कापावं लागंल आता."

पोळ्याच्या आधी ती गेली. तिचा आवाज दुसरा कुठंच न्हाई.

काल पहिला भाग वेबसाइटवर टाकायच्या आधी त्यानं मला दुकानात ऐकायला बसवलं. तिचं कापलं का, हे विचारायची माझी छाती झाली न्हाई. म्हशीचं रेकणं त्यानं काढलं होतं, माझा खोकलाही. बैलाची गोष्ट आली तसा मी स्पीकरजवळ सरकलो.

आणि ती ओरडली. चांगली मोठ्यानं.

"मामा, तेवढा एक आवाज काय निघंना," स्क्रीनवरची नजर न काढता तो म्हणाला.

"ऱ्हाऊ दे," मी म्हणलं. "टाक तसंच."