भटूचं सरबत आणि बोदवडची विहीर

फौजेतून आलेल्या माणसाकडून लोकांना सरहद्दीची गोष्ट हवी असते. पाचोऱ्यात माझ्या पंपांच्या दुकानासमोर चारजण जमले की कुणीतरी म्हणतंच, "सुभेदार, एखादी लढाई सांगा ना." मी मिशीवरून हात फिरवतो, चहा मागवतो, चहा येईपर्यंत मुद्दाम गप्प बसतो. सगळे पुढे सरकले की सांगतो : माझी सगळ्यात मोठी लढाई बोदवडला झाली. समोर शत्रू म्हणून पाणी होतं. यावर हशा पिकतो, कारण कायम कोरड्या बोदवडला पाणी जास्त झालं हे कुणाला खरंच वाटत नाही. हसून होऊ देतो, मग पुढे सांगतो.

मी तेव्हा हवालदार होतो, इंजिनिअर रेजिमेंटच्या एका फील्ड कंपनीत. मे महिना. धुळे जिल्ह्यात तापीकाठी आमचा पूल टाकण्याचा सराव चालू होता. पहाटे साडेचारला शिट्टी, मग पीटी, मग पुलाचे भाग जोडायचे. दुपारपर्यंत लोखंड इतकं तापायचं की हातमोज्यातूनही चटका बसे. मग काम बंद. चार वाजता तोच पूल सोडवायचा आणि पुन्हा जोडायचा.

माझ्या सेक्शनमध्ये नाईक भटू होता. साक्री तालुक्यातला. अंगाने काटकुळा, आवाज मात्र लग्नाच्या बँडसारखा. तो सगळ्यांशी अहिराणीतच बोलायचा. पंजाबी शिपायाशी, नेपाळच्या न्हाव्याशी, आणि आमचे कंपनी कमांडर कॅप्टन नायर यांच्याशीसुद्धा. साहेब केरळचे. भटूने त्यांना एक वाक्य शिकवलं होतं. सकाळी फॉलइन झालं की साहेब विचारायचे, "भटू, बठ्ठं ठीक शे?"

भटू छाती काढून ओरडायचा, "बठ्ठं ठीक शे, साहेब!"

सगळं ठीक आहे, एवढाच त्याचा अर्थ. पण पुढे अख्खी कंपनी रिपोर्ट तसाच द्यायला लागली.

आता सरबत. ऑफिसर मेसच्या तंबूत लिंबू सरबताचा ड्रम असायचा. कुक त्यावर दारूगोळ्यासारखा पहारा द्यायचा. तंबूच्या मागच्या कनातीला लागून पाण्याचा बाउझर, म्हणजे फौजी टँकर, उभा असे, आणि त्याला पंप होता. भटूने भंगारातून पितळेचं नोझल आणि दोन पाइपचे तुकडे मिळवले आणि हाताएवढा जेट पंप बनवला.

जेट पंपात फिरणारं काही नसतं. नोझलच्या बारीक तोंडातून पाणी जोरात सुटतं आणि समोरच्या अरुंद घशात शिरतं. शिरताना शेजारचं पाणी ओढून घेतं. मग दोन्ही मिळून पुढे रुंद होत जाणाऱ्या भोंग्यातून वर चढतात. आपल्याकडच्या जुन्या विहिरींवर दोन पाइपांचे हे पंप सगळ्यांनी पाहिलेत. त्यात खोड एकच. वर येतं त्यातलं बरंचसं पाणी आपणच खाली धाडलेलं असतं.

कनातीखालून एक नळी ड्रममध्ये गेली. बाउझरचा पंप चालू. पहिला मग मी प्यायलो. लिंबाचा नुसता भास होता.

"काय लबाडा, हे सरबत?"

भटूने घोट घेतला, थुंकला. "भाऊ, बठ्ठं आपलंच पानी परत ई राहिनं."

मग तो कामाला लागला. घशाचं तोंड कानसीने गोल केलं. नोझल नखभर मागे घेतलं. ते घशाच्या अगदी मधोमध बसवलं. प्रत्येक बदलानंतर एक घोट. चव वाढली की पंप सुधारला, हे त्याचं मीटर. सरबत बाहेर येणारी नळी एका उंच पेटीवर टेकवली होती; शेवटी त्याने ती काढून जमिनीवर ठेवली, आणि मगातलं सरबत एकदम गोड झालं.

"पाह्यं का भाऊ? पानीले चढाले लावा, का ते शेजारनाले वढत नही. तोंड खाले ठेवा, गोड लागस."

तेवढ्यात कॅप्टन साहेब मागे उभे. आम्ही दोघे सावधान. हातात मग तसेच. साहेबांनी माझा मग घेतला, प्यायले, म्हणाले, "चीनी कम है।" शिक्षा अशी झाली, की स्टोअरमध्ये पाणी उपसायचा मोठा इजेक्टर, म्हणजे हाच जेट पंप, गंजत पडला होता तो भटूने दुरुस्त करायचा. पंधरा दिवस भटू त्याच्याशी झोंबत होता. रोज परीक्षा नदीच्या गढूळ पाण्यावर. गढूळ ओढायचं आणि टँकरचं स्वच्छ पाणी नोझलला द्यायचं. बाहेर येणारा रंग जितका मातकट, तितका पंप चांगला. स्वच्छ पाणी आलं तर आपलंच परत आलं. शेवटच्या दिवशी पाणी असं आलं, की भटूने त्याला चहा म्हणून सलाम ठोकला.

सराव संपला. कॉन्वॉय जळगाव मार्गे बोदवडला आला. गाड्या रेल्वेवर चढवायच्या होत्या. रात्री एका शाळेच्या मैदानात मुक्काम. गावकऱ्यांनी वांग्याचं भरीत आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणली. पाणी मात्र आम्ही आमचंच प्यायलो. गावाला टँकर चालू होता.

सकाळी दहाच्या सुमारास तहसीलदारांची जीप आली. जवळच्या शिवारात विहीर खोल करण्याचं काम चालू होतं. तळाशी बाजूला बगल खोदली होती, म्हणजे माणूस वाकून जाईल असा आडवा बोगदा. त्यात काम करताना झरा फुटला. काठावरची यारी, म्हणजे माल वर ओढायची क्रेन, मुरूम आणि दगड आत कोसळले. बाकीचे दोराने वर आले. एकजण बगलेत अडकला. विनोद. विहिरीच्या मालकाचाच धाकटा मुलगा.

कॅप्टन साहेबांनी फोनवर परवानगी घेतली. आम्ही बाराजण निघालो.

विहीर सत्तर फूट. बगलेच्या तोंडासमोर दगडांचा ढीग, त्यावर पाणी. वर हातभर फट उरली होती. त्या फटीतून विनोद ओ देत होता. पाणी उतरल्याशिवाय दगड काढता येत नव्हते, आणि पाणी चढत होतं. गावाने दोन मोटारी सोडून पाहिल्या होत्या. दोन्ही गाळाने बसल्या. माणूस पाण्यात असताना पुन्हा विजेची वायर सोडायची नाही, असं साहेबांनी सांगितलं. काठावरच्या इंजिनाला सत्तर फुटांवरून पाणी ओढता येत नाही. उरला इजेक्टर.

पालिकेचा अग्निशमन बंब आला होता. त्याला दाब भरपूर. पण नोझलला स्वच्छ पाणी लागतं. गावाने पिण्याचे टँकर आणून बंबाला लावले. बायका रिकामे हंडे घेऊन उभ्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या.

बाहेर येणारा पाइप आम्ही उताराच्या बाजूने नाल्यात सोडला. विनोदचे वडील, सगळे त्यांना नाना म्हणत, नाल्याच्या काठावर उभे होते. पांढरी टोपी, पांढरा सदरा. ते विहिरीकडे यायला तयार नव्हते.

इजेक्टर सुरू झाला. नाल्यात मातकट लोंढा आला. मी विहिरीच्या भिंतीवर चुन्याची खूण केली होती. पाणी खुणेखाली उतरलं. वीत, मग हात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भटू म्हणाला, "चहा ई राहिना."

मग पाणी उतरायचं थांबलं. थोड्या वेळाने पुन्हा चढायला लागलं. विनोदचा आवाज बारीक झाला.

"नोझलमा काही अडकनं," भटू म्हणाला. तो हार्नेस चढवायला लागला.

"मी जातो."

"भाऊ, तुनं पोट पाह्यं का? दोर तुटी. मी खाले जास, तू वरे ऱ्हाय."

साहेबांनी होकाराची मान डोलावली. भटू उतरला. कमरेला रेडिओ; त्यावर तो वन, मी टू. दोन मिनिटांनी आवाज आला.

"वन फॉर टू. नोझल साफ शे. घसा साफ शे. ओव्हर."

"टू. मग काय झालं? ओव्हर."

"पानीना आवाज बदलना. जोर पडी राहिना. वरे कोनी पाइप उचला का? तोंड पाहा, भाऊ. तोंड."

मी पाइपाच्या कडेने पळालो. गर्दी ओलांडली, बांध ओलांडला. नाल्यात पाणी पडत नव्हतं. आमच्या पाइपाच्या तोंडाला कुणीतरी घरचा लपेटा पाइप, गुंडाळून ठेवायचा चपटा, तारेने आवळून बांधला होता. तो वर चढावर गेला होता, शेततळ्याकडे. दोन पुरुष उंचीवर. तिथे नाना एकटे पाइपाचं तोंड धरून उभे होते. तळं कोरडं होतं. तळाला अंथरलेल्या काळ्या प्लॅस्टिकवर पाणी पडत होतं.

"पाहा साहेब," ते म्हणाले, "निवळ येऊ राह्यलं."

निवळच येत होतं. आम्ही धाडलेलं टँकरचं पाणी परत येत होतं. पाणी एवढ्या उंच चढवायचं म्हणजे विहिरीतलं ओढायला जोर उरत नाही.

मी लपेटा पाइप चाकूने कापला. आमचं तोंड नाल्यात टाकलं. पाणी लगेच मातकट झालं. नाना कापलेल्या टोकाकडे पाहत होते. मग त्यांनी विहिरीकडे पाहिलं. त्यांना तेव्हा कळलं.

मी काठावर परत आलो. "टू फॉर वन. तोंड खाली केलं. ओव्हर."

"कळनं. खाले वढी राहिना. इजेक्टर गाळमा कलस, मी धरी ठेवस. ओव्हर."

पाणी उतरलं. दगड उघडे पडले. भटू एका हाताने इजेक्टर उभा धरून दुसऱ्या हाताने दगड काढत होता. आमचा आणखी एकजण उतरला. दोघांनी मिळून तोंड मोकळं केलं. विनोद बाहेर आला. तो उभा राहू शकत नव्हता. आधी त्याला दोरावर बांधून वर घेतलं, मागोमाग दुसऱ्या जवानाला.

साहेबांनी माझा रेडिओ हातात घेतला. "भटू, इजेक्टर छोड़ दे। ऊपर आ।"

"येस सर. ई राहिनू."

विहिरीची पूर्वेकडची बाजू सुटली. आवाज फार मोठा नव्हता. ट्रकमधून मुरूम खाली करतात तसा. दोर ताठ झाला, मग ढिला. आम्ही ओढला, तो अर्ध्यातून तुटलेला आला.

धूळ बसेपर्यंत खाली काही दिसलं नाही. साहेबांनी बटण दाबलं.

"भटू। बठ्ठं ठीक शे? ओव्हर।"

ते थांबले. पुन्हा दाबलं.

"बठ्ठं ठीक शे?"

बंब चालूच होता. मी नाल्याकडे पाहिलं. पाणी निवळ येत होतं. म्हणजे इजेक्टर पुरला गेला होता. मी बंबवाल्याला हाताने खूण केली. त्याने दाब बंद केला.

आम्ही ऊन उतरेपर्यंत मुरूम काढला. भटू उभाच सापडला. इजेक्टरची मूठ त्याच्या हातात होती.

त्याला स्ट्रेचरवर ठेवल्यावर नाना आले. टोपी हातात होती. साहेबांसमोर उभे राहून ते म्हणाले, "साहेब, पाइप मी हलवला. गावाचं प्यायाचं पाणी नाल्यात जाऊ राह्यलं होतं. पोऱ्या खाली हाये, हे माहीत होतं मले. तरी हात ऱ्हायला नाही."

मी साहेबांना हिंदीत सांगितलं. त्यांनी वाकून स्ट्रेचरचा पट्टा आवळला. मग म्हणाले, "दीवार गिरी है। रिपोर्ट में वही जाएगा।"

"साहेब, पण हात..."

"नानाजी, बेटे के पास जाइए।"

साक्री तालुक्यातल्या त्याच्या गावी बंदुकांची सलामी झाली. भटूची आई रडली नाही. तिने मला विचारलं, तो जेवला होता का. मी सांगितलं, आदल्या रात्री भरीत खाल्लं होतं, तीन भाकरी. ती म्हणाली, "बरं झायं." गर्दीत मागे नाना उभे होते. ते कुणालाही न सांगता बस बदलत तिथवर आले होते.

दुकानासमोर मी ही गोष्ट सांगतो तेव्हा सरबतापर्यंत लोक पोट धरून हसतात. मी हसू देतो. भटूलाही ते आवडलं असतं. नंतरचं मी भरभर सांगतो. संपलं की कुणीतरी चहाचे पैसे देतो आणि लोक उठतात.

दर मे महिन्यात, भटू गेला त्या तारखेला, मी बोदवडला जातो. विहीर आता बांधून काढली आहे. विनोदने तिच्यावर मोटार बसवली आहे. कापूस आहे, थोडी लिंबं आहेत. मेमध्ये तिथे पाण्याची काय किंमत असते, ते मी सांगायला नको. त्या दिवशी विनोद शेताकडचा पाइप काढतो, तोंड नाल्यात ठेवतो आणि स्टार्टर दाबतो. पाणी नाल्याने वाहत जातं. शेजारचे शेतकरी येतात, काठावर उभे राहतात. कुणी हंडा आणत नाही. कुणी आडवा बांध घालत नाही. विहीर रिकामी होईपर्यंत मोटार चालते.

नाना आता थकलेत. ते नाल्याच्या काठावर त्याच जागी उभे असतात. पाणी जाताना पाहतात. त्यांचा उजवा हात पाइपाकडे जायला लागतो. तो ते डाव्या हाताने मनगटाशी घट्ट धरतात, आणि मोटार बंद होईपर्यंत सोडत नाहीत.