काकाजींचं येणारं शहर

वैनगंगेच्या काठी पुढे जे शहर व्हायचं होतं, त्यात माझे घरमालक आधीच राहायला गेले होते. आम्ही बाकीची मंडळी मागे, सत्तरच्या दशकातल्या भंडाऱ्यात उरलो होतो.

मी लाखांदूरकडचा, भात पिकवणाऱ्या धानकऱ्याच्या घरातला. कॉलेजात पाऊल टाकणारा घरातला पहिलाच. खोली मागायला गेलो तेव्हा घरमालकांनी, म्हणजे काकाजींनी, भाड्याचा विषयसुद्धा काढला नाही. "बापू, पुढं हे गाव लय मोठं होईन. तवा शिकलेले लोक लागतीन. मी आतापासूनच जमा करून राहिलो," असं म्हणून त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. आज मी जो काही आहे, त्यात त्या किल्लीचा वाटा मोठा आहे.

त्यांचं पितळेच्या भांड्यांचं दुकान होतं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते जमिनीवर भांडी मांडून शहर वसवत. पाणी भरायचा गुंड म्हणजे पाण्याची टाकी, परात म्हणजे बाजार, ओळीनं ठेवलेले छोटे-छोटे गडवे म्हणजे शाळा, आणि मधून सुतळीचे रस्ते. एकदा एका बाईनं त्यातलाच एक तांब्या उचलला. काकाजी कळवळून ओरडले, "अवो बाई, ठेवा ठेवा! तो दवाखाना होय!"

बाईनं तांब्या उलटसुलट करून पाहिला. "एवढ्या मोठ्या गावाले एवढासा दवाखाना कायले जी?"

काकाजी विचारात पडले. तांब्या त्यांनी तिला विकला आणि त्या जागी मोठं घंगाळ आणून ठेवलं.

घरही त्यांनी भविष्यातच बांधलं होतं. पुढे मोठा रस्ता येणार म्हणून दारासमोर भलीमोठी जागा मोकळी सोडलेली. काकूंना तिथे ओसरी हवी होती. दर उन्हाळ्यात त्या विषय काढत, "मले उन्हात बसून तांदूळ निवडा लागते, अन् न आलेल्या मोटारीले एवढी जागा!" काकाजींचं उत्तर ठरलेलं, "येऊन राहिला ना रस्ता." वर्षं गेली. मी पदवीधर झालो, तिथेच नोकरीला लागलो, खोली तीच राहिली. काकूंचे गुडघे दुखू लागले.

ऐंशीच्या दशकात शहराच्या विकासाचा आराखडा लागला आणि हरकती मागवल्या गेल्या. घर रस्त्यात जाऊ नये म्हणून गल्लोगल्लीचे लोक धावले. काकाजीही मला घेऊन नगरपालिकेकडे निघाले.

तिथल्या साहेबांनी नकाशा पाहिला. "काका, तुमच्या घराला तर धक्काच लागत नाही. हरकत कशाची?"

"तेच तं हरकत आहे, साहेब! इतके वर्ष जागा राखली. रस्ता काहून आणला नाही?"

मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "काकाजी, आमचा घेऊन जा ना!" सगळे हसले. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी पेन्सिलीनं दाखवलं, की पुराचं पाणी काकाजींच्या बाजूनं चढतं, म्हणून रस्ता उंचावरून नेला आहे. काकाजींनी नकाशावर नदीपासून आपल्या घरापर्यंत बोट फिरवलं. मग हळूच म्हणाले, "बराबर आहे."

परतताना त्यांनी एकच वाक्य उच्चारलं. "बापू, इतकं सगळं मांडलं, पण नदी मांडाचीच राहिली."

घरी आल्यावर चप्पलही न काढता ते काकूंना म्हणाले, "ओसरी बांध." इतक्या वर्षांचं भांडण जिंकलेल्या काकू आनंदानं काही बोलतील असं मला वाटलं होतं. पण त्या आत गेल्या आणि काकाजींसाठी पाणी घेऊन आल्या.

दिवाळीनंतर गवंडी आला. आखणीची दोरी त्यानं थेट जागेच्या कडेपर्यंत ताणली. काकू पुढे झाल्या. "भाऊ, समोरचं थोडं सोडजो. उद्या नाली आली तं?"

काकाजी दारात उभे होते. त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. "दोन हात सोड रे," ते गवंड्याला म्हणाले, "नालीपाशी झाडं लावाले लागतीन."

पुढे माझी बदली झाली. सामान रिक्षात टाकून वळून पाहिलं, तेव्हा दोघंही नव्या ओसरीत बसली होती. काकाजी हात लांब करून काकूंना दूरचं काहीतरी दाखवत होते. तिकडे नुसतं रिकामं आभाळ होतं. काकू हातातलं काम थांबवून तिकडे बघत होत्या.