बदामाखालचं लाल गवत

“लाल गवत बाईनं घरी नेलं, अन् इथं शेताच्या धुऱ्यावरचं हिरवं आणून लावलं,” ऑफिसातले बाबू प्रिन्सिपल सरांना सांगत होते. मी दाराबाहेर हजेरीचं रजिस्टर घेऊन उभी होते. आत जावं की परत फिरावं, हे नेहमीसारखंच ठरत नव्हतं.

बाई म्हणजे शाळेची बाग सांभाळणाऱ्या काकू. त्या रामाकोन्याहून रोज बसने सौंसरला येतात, मी पांढुर्ण्याहून. पावसाळ्यात शाळेनं नर्सरीतून शोभेचं गवत आणलं, जांभळट लाल पानांचं. काकूंनी थोडं झेंड्याच्या ओट्याभोवती लावलं आणि उरलेलं बदामाच्या झाडाखाली. दिवाळीच्या सुट्टीनंतर सगळ्यांनी बघितलं तर बदामाखालचं हिरवं झालेलं.

आमच्याकडे याचा एकच अर्थ लागतो: कुणीतरी माल बदलला. नागपुरी संत्रा म्हणून लावलेलं कलम चार-पाच वर्षांनी आंबट जंबेरी लिंबू निघालं, हे इथल्या बऱ्याच घरांनी भोगलंय. बाबूंची स्वतःची बाग आहे, त्यांनाही तो अनुभव असणार. पण तेव्हा फसवलं नर्सरीवाल्यानं, आणि आज संशय येतो तो खुरपं हातात असलेल्या बाईवर. याचाच मला राग येत होता.

मी डबा बदामाच्या ओट्यावर एकटीच खाते. स्टाफरूममध्ये बोलावं लागतं. त्यामुळे ते गवत मी रोज पाहिलंय. नवीन पानं आधी तांबूस यायची, मग मळकट, मग सरळ हिरवी. आजही गवताच्या एकाच ठोंबाला बाहेरची जुनी पानं लाल आहेत आणि मधली नवी हिरवी. अर्धा ठोंब कोण बदलणार? झेंड्याजवळचं गवत दिवसभर उन्हात असतं, ते अजून लालच आहे. हे बघायला मैदान ओलांडायला हवं होतं, तेवढंही कुणी केलं नाही.

लावतानाच काकू म्हणाल्या होत्या, “इथं ऊन नाही भेटत जी सर, याचा रंग जाईन.”

सर म्हणाले होते, “जागा आम्ही ठरवू. तू खड्डे खण.”

आता तेच सर आत विचारत होते, “तिला विचारलं का?”

“विचाराचं काय त्यात? डोळ्यानं दिसून राहिलं.”

“मग सोमवारपासून येऊ नको म्हणून सांगून द्या. दुसरा माणूस बघा.”

काकू नळावर पाइप जोडत होत्या. मला पाहून त्यांनी हात वर केला. “जेवल्या का, मॅडम?”

मी मान हलवली. जेवले नव्हते. एवढे दिवस सगळं पाहून मी कुणाला एक शब्द सांगितला नव्हता, आणि त्या गप्प बसण्याला मी स्वभाव म्हणत आले होते.

आत गेले. घाबरले की माझ्या तोंडात आधी इंग्रजी येतं. सरांना ते आवडलंही असतं. पण खिडकी उघडी होती, आणि नळ खिडकीखालीच होता. मी मराठीत बोलले.

“सर, गवत कुणी बदललं नाही. चला, ठोंब दाखवते, जुनी पानं अजून लाल आहेत. ती जागा तुम्ही दाखवली होती. तिथं ऊन येत नाही, हे काकूंनी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं. मी तिथंच डबा खात बसले होते.”