लालासाहेब हवालदारांचे दोन जबाब

आमच्या उंब्रजच्या लालासाहेब हवालदारांना काम एकदाच सांगावं लागे. दुसऱ्यांदा सांगितलं की माणूस बिथरलाच. पलटणीतून पेन्शनीत आले, उसात रमले. पण साहेबानं तोच प्रश्न परत विचारला म्हणजे आपलं आधीचं उत्तर चुकलं, ही समजूत काही सुटली नाही.

शहात्तर साली पुण्याहून दोन डॉक्टर त्यांच्या सोप्यात आले. वेड रक्तातून उतरतं का, हे त्यांना शोधायचं होतं. त्यासाठी घराण्यात खरोखर आजारी कोण आणि नुसता तऱ्हेवाईक कोण, हे आधी ठरायला हवं. पण एकाचं मत दुसऱ्याशी जुळेल तर ते डॉक्टर कसले! म्हणून दोघांनी वेगवेगळं बसून तेच प्रश्न विचारायचे आणि मग मतं ताडून बघायची, असा बेत होता. तो हवालदारांना सांगायचं मात्र एकाही शहाण्याला सुचलं नाही.

हवालदारांचा धाकटा भाऊ केरबा कित्येक वर्षं याच डॉक्टरांच्या वेड्यांच्या इस्पितळात होता. गावाला सांगितलेलं, तो मुंबईला गिरणीत आहे; खरं घरच्यांखेरीज मलाच ठाऊक होतं. हवालदारांची लेक शालू लग्नाची होती. वेडाच्या घरात सोयरीक कोण करणार? नुकतीच कुठे मेढ्याच्या आप्पासोंच्या मुलाशी सुपारी फुटली होती.

मी शेजारी म्हणून सोप्याच्या कडेला बसलो होतो. पहिल्या डॉक्टरनं विचारलं, "कोणी नसताना कानात आवाज येतात?"

"न्हाई साहेब."

"लोक पाळत ठेवतात असं वाटतं?"

"अजाबात न्हाई."

तासाभरानं दुसऱ्यानं तेच विचारलं. हवालदार ताडकन उभे राहिले.

"येत्यात साहेब! सुभेदारसाहेबांचा आवाज येतो."

"आणि पाळत?"

"भावकी ठेवती. बाराही म्हैनं."

अंगणात डॉक्टरांची जुंपली. एक म्हणे ठणठणीत, दुसरा म्हणे उद्याच भरती करा. शेवटी दोघं एकत्र येऊन बसले, आणि नेमके त्याच वेळी आप्पासो लग्नाची तारीख ठरवायला दारात हजर. त्यांना बसवून चहा दिला.

एका डॉक्टरनं विचारलं, "हवालदार, यातलं खरं कोणतं?"

"तुमी सांगाल त्ये, साहेब! परत इचारलंत, म्हंजे पयलं नापास झालं न्हवं?"

डॉक्टर कपाळाला हात लावून हसले. हसता हसता एकानं विचारलं, "बरं, केरबाचा आजार सुरू झाला तेव्हा..."

मला त्या डॉक्टरचा असा राग आला की काय सांगू!

"कोन केरबा?" आप्पासो म्हणाले. "गिरणीतला?"

हवालदार आतल्या दाराकडे बघत राहिले. तिथं शालू उभी होती.

"गिरणीत न्हाई, पाव्हणं. येड्यांच्या इस्पितळात हाय. माझा सख्खा भाऊ."

"पुन्यांदा सांगा. गिरणीतच हाय न्हवं?"

आप्पासो सुटायला वाट देत होते, हे मलाही कळलं. हवालदार पांढरेफटक पडले, पण जागचे हलले नाहीत.

"इस्पितळात हाय."

आप्पासोंनी चहाचा कप खाली ठेवला.

"मला आधी का न्हाई सांगितलंत? लय वाईट केलंत." मग ते डॉक्टरांकडे वळले. "साहेब, पोरीचा चुलता हाय त्यो. लग्नाला चार दिस धाडाल का?"

डॉक्टर म्हणाले, "आणायला माणूस आला, तर धाडू की."

हवालदार मटकन खाली बसले आणि लहान पोरासारखे रडू लागले. इतक्या वर्षांत केरबाला घरी आणायची गोष्ट त्या घरात पहिल्यांदाच निघाली होती, आणि ती काढली परक्यानं.